पाणी कुठे मुरत होते?

दुरुस्तीला दिलेली वस्तू घरी परत आली म्हणजे आपण काय करतो? जे बिघडले होते तेवढेच तपासून पाहतो. शिवणयंत्राचा दोरा तुटत होता. आता तुटत नाही ना? मग झाले! पैसे मोजून आपण मोकळे होतो. ते यंत्र दुकानात जाण्यापूर्वी ज्या दहा गोष्टी नीट करीत होते त्या दहाही गोष्टी अजून नीट करते आहे का, हे पाहण्याचे आपल्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. हे शहाणपण मला शिकवले ते आमच्या छोट्या मोटारीने. आणि ते शिकताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा मी विनाकारण अपमान केला, तो हिशेब वेगळाच.

आम्ही मुलुंडला राहतो. घरात मी, आमची सौ., कॉलेजात जाणारी मुलगी आणि बाबा. गाडी लहानशीच, सहा वर्षांची. तिच्या हमीची मुदत केव्हाच संपली आहे. मिरवण्यासाठी म्हणून ती घेतलेली नाही. बाबांना दर पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या इलाजासाठी घाटकोपरला न्यावे लागते. ज्या माणसाने मुलुंड ते कुर्ला हा प्रवास लोकलच्या दांड्याला धरून तीसबत्तीस वर्षे केला, त्याचा पाय आता ८२ व्या वर्षी स्टेशनच्या जिन्यापाशी अडखळतो. म्हणून गाडी. तिच्यातली पुढची डावी जागा बाबांची.

बाबा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. मुंबईकरांच्या तीन पिढ्या ज्या फियाट गाड्यांतून हिंडल्या, त्या या कारखान्यातून बाहेर पडत. १९६४ साली फियाटची डिलाइट आली, पुढे १९७४ साली तिचीच पद्मिनी झाली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि गाडी दारात आली की तिला हळदकुंकू लावून नारळ फोडीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा भरली आणि मुंबईच्या रस्त्यावरून ती कायमची उतरली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले तिचे चित्र बाबांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले आहे. आजच्या गाड्यांविषयी मात्र ते सहसा बोलत नाहीत. "त्यांत आता सगळे झाकलेले असते," एवढेच म्हणतात.

गार वारा आला

२०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. गाडीतला गार वारा गरम येऊ लागला. मुंबईच्या मे महिन्यात, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या वाहनांच्या गर्दीत, काचा बंद करून गरम वारा खाणे म्हणजे काय ते ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. मी गाडी अधिकृत सेवाकेंद्रात नेली. तिथे पांढराशुभ्र प्रकाश, काचेचे दालन, कॉफीचे यंत्र. टाय लावलेल्या एका तरुणाने हातातल्या पाटीवर बोट फिरवून सांगितले, "सर, कूलिंग कॉइल लीक आहे. बदलावी लागेल."

ही कॉइल म्हणजे गाडीतल्या थंडाव्याचे काळीज. डॅशबोर्डच्या मागे एका बंद पेटीत ती बसवलेली असते. तिच्यातून गार वायू खेळतो आणि पंख्याचा वारा तिच्यावरून जाताना थंड होतो. तिला बारीकसे छिद्र पडले की चारपाचशे ग्रॅमचा तो वायू हळूहळू उडून जातो. आमच्या गाडीत ती काढायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. स्टीअरिंग, वायरींचे जुडगे, एअरबॅगची जोडणी, सारे सोडवून पुन्हा जोडावे लागते. कॉइल, वायू आणि मजुरी मिळून २३,५०० रुपये झाले. २२ मे रोजी गाडी परत मिळाली. बटण दाबले, गार वारा आला. मी खूष झालो. दुरुस्ती झाली!

मॅट ओले आणि पाण्याची बाटली

२८ मे रोजी बाबांना घेऊन घाटकोपरला गेलो. परत आल्यावर पाहतो तो पुढच्या डाव्या जागेच्या पायांखालचे मॅट ओलेचिंब. बाबांजवळ नेहमी पाण्याची एक बाटली असते. जुनी, पितळी रंगाची, झाकण थोडे आडवे बसणारी. मी चटकन म्हणालो, "बाबा, तुम्ही झाकण नीट लावत जा हो. गाडीत किती पाणी सांडलेत!"

बाबांनी बाटली कानाशी नेऊन हलवली. ती जवळजवळ भरलेली होती. "माझे पाणी नाही सांडले," ते म्हणाले.

"मग काय आभाळातून पडले?"

एवढे बोलून मी पार्किंगमधून वर निघून गेलो. मुलीने मॅट उन्हात टाकले. विषय मिटला असे मला वाटले.

पुढची खेप ११ जूनची. दवाखान्यात गर्दी होती, उकाडाही होता. बाबांनी तिथल्या नर्सबाईंकडे प्यायला पाणी मागितले. मी विचारले, "बाटली नाही आणलीत?" तेव्हा ते समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "नको. उगाच गाडीत सांडते."

त्या दिवशी घरी परत आलो तेव्हा मॅट पुन्हा ओले होते.

वाचकहो, तिथे पार्किंगमध्ये ते ओले मॅट हातात धरून मी उभा होतो. बाबा लिफ्टच्या दिशेने भिंतीला हात लावीत हळूहळू चालले होते. त्यांना हाक मारून काही बोलावे असे मनात आले. पण शब्द सुचेना. ८२ वर्षांच्या माणसावर आपण एकदा 'सांडलवंड' हा शिक्का मारला की तो स्वतःच स्वतःचे पाणी तोडतो, हे मला त्या दिवशी कळले.

तीन खेपा

एव्हाना पाऊस सुरू झाला होता. १३ जूनला मी सेवाकेंद्रात गेलो. टायवाला तरुण हसतमुखाने म्हणाला, "सर, पावसाळा आहे. पुढच्या काचेचे सील गेले असेल. या मॉडेलला होते असे." काच पुन्हा सांधली. ४,५०० रुपये. तेही मी दिले. कारण पावसात गाडीत पाणी येते ही गोष्ट कोणालाही पटण्याजोगीच आहे.

१८ जूनला मॅट पुन्हा ओले झाले. ही दुसरी खेप. या वेळी त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली, सतरंजी सुकवली, वरून पाण्याचा जोराचा फवारा मारून पाहिला. आत एक थेंबही आला नाही. कागदावर शेरा मिळाला, 'दोष आढळला नाही'. मी तो कागद घेऊन मुकाट्याने घरी आलो. त्या शेऱ्याचा खरा अर्थ काय, हे तेव्हा मला सुचले नाही. फवारा मारूनही पाणी आत येत नसेल तर पाऊस निर्दोष सुटला होता! मग चोर दुसराच कोणीतरी होता, आणि त्याला शोधायचे सोडून आम्ही सारे जण खटला निकालात काढून मोकळे झालो होतो.

तिसरा तडाखा २५ जूनला बसला. घाटकोपरच्या वाटेवर विक्रोळीजवळ समोरच्या तबकडीत एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेना. दरवाजांची कुलपे आपोआप खटखट करू लागली. गाडीत कुबट वास तर आठवड्यापासून होताच. एअरबॅगचा दिवा लागून राहिला याचा अर्थ त्या यंत्रणेत दोष आहे आणि अपघाताच्या वेळी ती पिशवी फुगेलच याची खात्री नाही. आणि पुढच्या डाव्या जागेवर कोण बसले होते? बाबा. मी गाडी बाजूला घेतली, त्यांना मागच्या जागेवर बसवले आणि मग पुढे गेलो.

सेवाकेंद्रात निदान झाले की डाव्या बाजूच्या पायांजवळचे वायरींचे इलेक्ट्रॉनिक पेटारे ओल लागून खराब झाले आहे. ते नवे बसवायचे १८,००० रुपये! "पण ओल आली कुठून?" मी विचारले. "सर, ते आम्ही कसे सांगणार? गाडी तुमच्याकडे असते," टायवाल्याने उत्तर दिले. माझा आवाज चढला. दालनातली माणसे कॉफीचे पेले हातात घेऊन पाहू लागली. मी बरेच काही बोललो. त्यातले एकही वाक्य उपयोगाचे नव्हते.

कोरडा कागद

रात्री जेवताना मी सारी हकिकत तणतणत सांगत होतो. बाबा ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "मला एक सांग. गाडीखाली पाणी पडते का?"

"खाली कशाला पडेल? आत पडते आहे ना!"

"तेच विचारतो. पूर्वी पडायचे. आपण घाटकोपरहून आलो की खाली हातभर ओल असायची. आपला वॉचमन कुरकुर करायचा. हल्ली कुरकुर करीत नाही तो."

आम्ही सारे गप्प झालो.

गोष्ट साधी आहे. पण साधी असते म्हणूनच नजरेतून सुटते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना? मुंबईच्या दमट हवेत त्या थंड कॉइललाही तसाच घाम सुटतो. तो पेटीच्या तळाशी गोळा होतो आणि एका बोटभर जाडीच्या रबरी नळीतून गाडीच्या खाली रस्त्यावर ठिबकतो. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली जे स्वच्छ पाण्याचे डबके दिसते ते हेच. ते डबके बिघाडाचे चिन्ह नसून प्रकृती ठीक असल्याची खूण आहे. ती खूण आमच्या गाडीखालून २२ मेपासून नाहीशी झाली होती, आणि हे फक्त एका माणसाच्या ध्यानात आले होते. त्याचे डोळे अधू होते, आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

३० जूनच्या रविवारी सकाळी बाबांनी परीक्षा घेतली. आमचे पार्किंग इमारतीखाली झाकलेले आहे. पावसाचा तिथे संबंध नाही. आदल्या दिवशी मुलीने केस वाळवायच्या यंत्राने सतरंजी खडखडीत सुकवली होती. बाबांनी आमच्या गाडीखाली जुन्या वर्तमानपत्राचे दोन कागद पसरायला लावले, आणि शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या गाडीखालीही दोन. मग दोन्ही गाड्या सुरू करून वीस मिनिटे थंडावा चालू ठेवला. पार्किंग तिन्ही बाजूंनी मोकळे होते, म्हणून हे करता आले. बंद जागेत गाडी अशी चालू ठेवणे जिवावर बेतते.

शेजाऱ्यांच्या गाडीखालचा कागद दहा मिनिटांत भिजला, आणि वीस मिनिटांत त्याचा लगदा झाला. आमच्या गाडीखालचा कागद? पापडासारखा कोरडा! आणि आत मॅटवर पाणी.

बाबांनी ते पाणी बोटावर घेऊन चोळून पाहिले, वास घेतला. इंजिन थंड ठेवणारे रंगीत पाणी असते तर ते बुळबुळीत लागले असते आणि त्याला गोडसर वास आला असता. (ते विषारी असते, कोणी चाखून पाहू नये.) हे साधे, निर्मळ पाणी होते. "नळी जागेवर नाही," बाबा म्हणाले. "डॅशबोर्ड बसवताना राहिली."

मुलीने मोबाइलवर तारीखवार छायाचित्रे घेतली. मला तर तत्क्षणी आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून नळी लावून टाकावीशी वाटली. तो आलाही. वाकून पाहिले आणि हात पुसत म्हणाला, "आजोबा बरोबर बोलतायत. पण साहेब, मी हात लावणार नाही. मी लावला की ते म्हणतील, बाहेरच्या माणसाने उघडली. मग ते अठरा हजार तुमच्या अंगावर." त्याने पैसेही घेतले नाहीत. त्या दिवशी मला भेटलेल्या शहाण्या माणसांतला तो दुसरा.

सौ.ने पत्र तपासले

रात्री मी सेवाकेंद्राच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. आमची सौ. शाळेत मराठी शिकवते. तिने तांबडी शाई घेतली आणि 'बेजबाबदार', 'दिवसाढवळ्या लूट', 'निर्लज्ज' हे सगळे शब्द निबंधातल्या चुकांसारखे खोडून टाकले. "विशेषणांना कोणी उत्तर देत नाही," ती म्हणाली, "तारखांना द्यावे लागते." मग भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. तीत २८ मेच्या चौकोनात तिच्या अक्षरात लिहिले होते, 'बाबा, डोळे. मॅट उन्हात'. पाऊस यायच्या कितीतरी आधी!

पत्र एका पानात मावले. दुरुस्तीची तारीख, कामाच्या पत्रकाचा क्रमांक, गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा. दुरुस्तीपूर्वी काय ठीक होते, दुरुस्तीत काय उघडले, त्यानंतर काय बिघडले. फवाऱ्याची त्यांचीच चाचणी. कागदांची छायाचित्रे. शेवटी मागणी: नळी जागेवर बसवावी, ओलीने झालेले नुकसान विनामूल्य भरून द्यावे, काच सांधण्याचे ४,५०० परत करावे, आणि हे सारे कामाच्या पत्रकावर लिहून द्यावे. एक प्रत हाती द्यायची, पोच घ्यायची, दुसरी ई-मेलने.

कायद्याची बाजूही पाहून ठेवली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालचा. आता २०१९ सालचा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही त्याच्या दृष्टीने सेवा आहे, आणि तीत उणीव राहिली तर दाद मागता येते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. १९१५ या क्रमांकावर ग्राहकांसाठी सरकारी मदतवाहिनी आहे, आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आपल्या शहरातच आहे.

आणखी एक गोष्ट कळली. कारखानदाराच्या मोठ्या नावाखाली दुकान असले तरी दुकानदार वेगळा आणि कारखानदार वेगळा. गोव्यात २००९ साली तयार झालेली एक गाडी २०११ साली नवी म्हणून विकली गेली होती. ग्राहकमंचांनी दोघांनाही जबाबदार धरले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कारखानदाराला त्यातून मोकळे केले, कारण विक्रेत्याने जे केले त्याची कारखानदाराला माहिती होती असे सिद्ध झाले नाही. तेव्हा ज्याने पाना हातात घेतला त्यालाच आधी विचारले पाहिजे. कारखानदाराला पत्राची प्रत जरूर धाडावी. पण सारी भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

तो मुलगा

३ जुलैला आम्ही सेवाकेंद्रात गेलो. बाबा म्हणाले, "मीही येतो." त्यांना नको म्हणण्याचा अधिकार मी गमावला होता.

व्यवस्थापकांनी पत्र दोनदा वाचले. तारखांपाशी त्यांचे बोट थांबत होते. मग गाडी आत घेतली, उंच उचलली आणि थंडावा सुरू केला. खाली ज्या भोकातून नळीचे टोक बाहेर दिसायला हवे होते ते भोक रिकामे होते. सतरंजी उचलली तेव्हा ती सापडली. तुटली नव्हती, हरवली नव्हती. पेटी परत बसवताना भोकातून बाहेर यायच्या ऐवजी ती आतच दुमडून पडली होती. शेजारच्या वायरींच्या जोडणीवर हिरवट गंज चढला होता.

"ही गाडी कोणी केली?" व्यवस्थापकांनी हाक मारली.

एकोणीसवीस वर्षांचा एक मुलगा पुढे आला. ओठांवर नुकती मिसरूड, हाताला ग्रीस. त्याने एकदा नळीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "याच्या पगारातून कापा," व्यवस्थापक सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. टायवाला तरुण दुसरीकडे पाहू लागला.

खरे सांगतो, त्या क्षणी मला बरे वाटले. सव्वा महिना ज्याच्यामुळे मी हेलपाटे घातले तो एकदाचा समोर उभा होता! पण बाबा काठी टेकीत पुढे झाले.

"बाळ, त्या दिवशी किती गाड्या होत्या तुझ्याकडे?"

"तीन, आजोबा," मुलगा पुटपुटला. "डॅशबोर्ड रात्री आठला बसवला."

"आणि तू बसवल्यावर तपासले कोणी?"

कोणी बोलेना. कामाच्या पत्रकावर 'अंतिम तपासणी' असा एक रकाना होता. त्यात सही होती. ती त्या टायवाल्याची, काचेच्या दालनात बसून केलेली.

बाबा व्यवस्थापकांकडे वळले. "साहेब, मी कुर्ल्याला फियाट बांधल्या. नवा होतो तेव्हा एकदा माझ्या हातून चाकाजवळची एक खिटी घालायची राहिली. तपासनिसाने पकडली, म्हणून गाडी फाटकाबाहेर गेली नाही. चूक माझी होती. पण पगार कापला नाही कोणी. बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो तो यासाठीच. चूक हाताची असते. ती बाहेर गेली तर ती कारखान्याची."

व्यवस्थापक काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काका, सद्भावना म्हणून आम्ही अर्धा खर्च सोसतो."

इथे मात्र मी बोललो, आणि या वेळी आवाज न चढवता. "साहेब, सद्भावना घरच्या कार्याला. हे काम अपुरे राहिले होते. ते पुरे करावे, एवढेच पत्रात आहे." आणि पत्राच्या तळाशी मी तिथेच पेनाने एक ओळ वाढवली: 'या प्रकरणी कोणत्याही कामगाराच्या वेतनातून कपात करू नये अशी आमची विनंती आहे.' त्याची पोच घेतली.

चार दिवसांनी गाडी मिळाली. नळी जागेवर, पेटारे नवे, लाल दिवा विझलेला. ४,५०० रुपये परत. पत्रकावर लिहिलेले होते, 'मागील दुरुस्तीशी संबंधित, शुल्क नाही'. मुलाचा पगार कापला की नाही ते मला कळायला मार्ग नाही. पण गाडी बाहेर काढताना तो धावत आला, खाली वाकला, ठिबकणारे पाणी पाहिले आणि बाबांकडे बघून मान हलवली. बाबांनीही हलवली.

सगळेच काही भरून आले नाही. रजा गेल्या, रिक्षाचे पैसे गेले, आणि सतरंजीचा कुबट वास तर गणपतीपर्यंत टिकला. पण एक सवय लागली. आता कोणतीही वस्तू दुरुस्तीला देण्यापूर्वी तिचे काय काय ठीक चालू आहे ते मी कागदावर लिहून ठेवतो. दिवे, कुलपे, भोंगा, काचा, वायपर आणि गाडीखालचे पाणी. परत घेताना तो कागद हातात धरून एकेक पाहतो आणि मगच सही करतो. दहा मिनिटे लागतात. मागे उभी असलेली मंडळी खोळंबतात, खोळंबू देतो.

आता घाटकोपरहून परतलो की बाबा गाडीतून उतरून लगेच वर जात नाहीत. काठीवर भार देऊन किंचित वाकतात, गाडीखाली पाहतात, आणि हातभर ओल दिसली की म्हणतात, "आहे."

वॉचमन पुन्हा कुरकुर करू लागला आहे. बाबांची बाटली पुढच्या जागेजवळच्या खणात उभी असते. तिचे झाकण अजून आडवेच बसते. एकदोनदा तिच्यातले पाणी खरोखरच सांडले. मॅट मीच उन्हात टाकले आणि कोणाला काही बोललो नाही.